न धुवायच्या विटा

घरात मासळी आणायची नाही, शिजवायची नाही आणि जमलं तर तिचं नावसुद्धा काढायचं नाही, एवढ्या अटींवर मला सोलापुरात बाळीवेशीत खोली मिळाली. मी मालवणकडची. टेलिफोन खात्यात नोकरी लागली ती थेट ह्या कोरड्या गावात. अडला हरी, दुसरं काय. सगळ्या अटी कबूल केल्या आणि सुकटीची पुरचुंडी ट्रंकेच्या तळाशी दडवून राहायला आले. आणि वर्ष उलटायच्या आत त्याच घरमालकांनी कलकत्त्याहून पाच जिवंत पाकट मासे आणून परसातल्या हौदात सोडले. पाकट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: गोल, चपटा, तळाशी वाळूत अंग पुरून पडून राहणारा मासा. मागं चाबकासारखी शेपटी आणि शेपटीला विषारी काटा. आमच्याकडे त्याचं झणझणीत कालवण करतात. इथं त्याला पाळणार होते.

त्यांना सगळी गल्ली 'मालक' म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. लिंगायत, सुताचे व्यापारी, चादरींचाही थोडा धंदा. घरात कानडी, दुकानात मराठी, विणकरांशी मोडकंतोडकं तेलुगू. अंगानं आडवे, आवाज बारीक. छत्री उन्हात धरायचे आणि पाऊस आला की मिटून काखेत मारायचे. "सोलापुरात पाऊस येतो कधी ओ बाई? आला तर माणसानं भिजावं की," म्हणायचे. गळ्यातलं लिंग सोडून दुसऱ्या कुठल्या दगडाला हात जोडत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. देवळांचं प्रस्थ त्यांना मानवत नसे. वजनात, मापात आणि बोलण्यात खोटं चालायचं नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण सूत खराब असेल तर खराब म्हणूनच विकायचं.

माणूस भेटला की त्याचा नंबर काढायचा, ही त्यांची आणखी एक खोड. सुताला नंबर असतो. नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. दहाचं म्हणजे जाडंभरडं, ऐंशीचं म्हणजे केसासारखं. आमचे साहेब एकदा घरी आले होते. ते जिना उतरतात न उतरतात तोच मालक म्हणाले, "दिसतोय साठचा, हाय सोळाचा." स्वतःला ते दहा नंबर म्हणायचे. मला म्हणायचे दोनपदरी वीस. "तुमाला पीळ लई हाय बाई," असं वर स्पष्टीकरण. मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात? आणि बायकोचा विषय निघाला की आवाज आणखी बारीक व्हायचा. "ती ऐंशी. ऐंशीच्या सुताला झटका द्यायचा नसतो. तुटलं की जुळत न्हाय."

त्या बाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. काडीसारख्या, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि स्वच्छतेचं वेड. मीठ आणि गूळ सोडून घरातली प्रत्येक वस्तू त्या धुवायच्या. कोळसासुद्धा धुऊन, वाळवून मग शेगडीत. प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि ते फडकं पुन्हा उकळायचं. मला भीती वाटायची, एखाद्या दिवशी मलाही भिजत घालतील. अशा बाईच्या परसात मासे आले. त्यांनी स्वयंपाकघरातून परसात उघडणारं दार लावून घेतलं आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. "सांगा त्यांना, ताट वाढलंय," हे त्या मला सांगायच्या, आणि ते समोर पाटावर बसलेले असायचे.

मासे आले कसे, ते मालकांच्याच तोंडून ऐकलेलं. चादरींच्या सौद्यासाठी कलकत्त्याला गेले होते. तिथला व्यापारी बाजारातून आडवाटेनं घेऊन चालला होता. मासेवाल्यानं सुरी उचललेली. मालकांनी ह्याआधी असला मासा पाहिलेला नव्हता. म्हणाले, कडक भाकरीला शेपूट फुटावं तसं ते दिसलं. सहज नाव विचारलं. मासेवाला म्हणाला, शंकर माछ. बंगाल्यांत त्याला म्हणतातच तसं.

"आता सांगा," मालक मला म्हणाले, "शंकराला कापलालेत आन् आपण बगत उबं ऱ्हायचं? दगडाला हात जोडत न्हाय मी, पण हे जित्तं हुतं की."

टोपलीतले हलत होते तेवढे विकत घेतले. तळहाताएवढी पिल्लं, आमच्याकडची समुद्रातली नव्हेत, गंगेच्या गोड्या पाण्यातली. दुधाच्या कॅनांत घालून, मोठ्या स्टेशनांवर उतरून पाणी बदलत, दोन गाड्या पालटून घरी आणली. सूत भिजवायचा सिमेंटचा हौद रिकामा होता. त्याची एक भिंत फोडून दुकानाच्या शोकेसची जाड काच बसवली. तळाला नदीची वाळू. झाली तयारी. खायला काय घातलं म्हणाल तर भिजवलेली भाकरी आणि हरभऱ्याची डाळ. मासे आठवडाभर उपाशी. शेवटी मालक माझ्या दाराशी आले आणि इकडं तिकडं बघत म्हणाले, "बाई, तुमी खाणाऱ्यातल्या. हे खातात काय?"

मी म्हटलं, "कोळंबी खातात, मालक. मी खाते तेच."

तेव्हापासून माझ्यावर जबाबदारी आली. भोयांच्या बाईकडून भीमेची बारीक कोळंबी आणायची, साफ करायची, हौदात सोडायची. ज्या घरात मासळीचं नाव काढायची बंदी, तिथं रोज माझ्या हाताला कोळंबीचा वास आणि पानात मेथी. गो बाय, काय दिवस काढले मी. एकदा म्हटलंही, "मालक, त्यांच्यातली चार मला?" ते गंभीरपणे म्हणाले, "शंकराच्या नैवेद्यातलं मागू नये."

मासे वाढले. तळहाताचे ताटाएवढे झाले, ताटाचे परातीएवढे व्हायच्या बेतात आले. आणि हौद तेवढाच. अशात बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार, मग तीही बंद. मालकांच्या परसात आड होता, त्याला बरं पाणी होतं. त्यांनी परसाची गल्लीकडची दिंडी उघडून दिली, गल्ली पाणी भरू लागली. पण काचेमागचा भरलेला हौद बघून बायका बोलायच्याच: "माणसाला पाणी न्हाय, आन् मालक मासे पाळतोय." मालकांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी नियम केला. नवं पाणी माणसाचं, जुनं पाणी शंकराचं. हौदासाठी आडातून एक थेंब उपसायचा नाही. उन्हानं जेवढं उडेल तेवढं ते स्वतःच्या आंघोळीच्या वाट्यातून घालणार, आणि स्वतः एका तांब्यात आंघोळ उरकणार. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

म्हणजे तेच पाणी महिनोन्‌महिने चालवायचं, त्यात एवढी मोठी धुडं राहणार, खाणार, घाण करणार. पाणी साफ करायचं कसं, हा त्या घरातला एकमेव प्रश्न होऊन बसला.

पहिला उपाय त्यांच्या घरच्याच रीतीचा: गाळणं. चादर चौघडी करून पिंपावर बांधायची, हौदाचं पाणी उपसून तिच्यातून ओतायचं. पाणी कसं काचेसारखं झालं. मालक खूश. पण मासे वर येऊन कडेला धापा टाकू लागले आणि एक उताणा झाला. मालकांनी बोट बुडवून पाणी चाखलं. पाण्यापासून सुतापर्यंत सगळं ते जिभेवर पारखायचे. थुंकून म्हणाले, "दिसायला ऐंशी, आतनं रद्दी. डोळ्याला फसलो बगा." एक मासा गमावून त्यांना हे कळलं की स्वच्छ दिसणारं पाणी चांगलं असतंच असं नाही. तो मासा त्यांनी परसातल्या बेलाखाली पुरला.

मग गिरणीतल्या एका फोरमननं बॉयलरच्या पाण्यासाठी असते तसली वाळूची टाकी बनवून दिली. ती आठवड्यात तुंबायची. मोकळी करायला उलटं पाणी सोडावं लागायचं, तेही हौदाच्या निम्मं. दुष्काळात ते आणायचं कुठून? टाकी परत गेली. लाकडी कोळसा घालून पाहिला. पंधरवडा बरा गेला, मग पुन्हा तोच वास. अव्वा दाराआडून नाकाला पदर लावून जायच्या. मी म्हटलं, "मालक, सोडून द्या भीमेत."

"भीमा कोरडी हाय," ते म्हणाले. ते खरंच होतं; कोळंबीसुद्धा आता पात्रातल्या उरल्यासुरल्या डबक्यांतली यायची.

शेवटी त्यांनी कलकत्त्याला ट्रंककॉल लावला. तिथल्या व्यापाऱ्यानं चिडियाखान्यात मासे सांभाळणारा एक माणूस हुडकून फोनजवळ बसवला होता. माझी ड्यूटी त्या दिवशी तार ऑफिसच्या ट्रंककॉलवर होती. मालक आले, चपला बाहेर काढल्या, टोपी नीट केली आणि बूथमध्ये देवासमोर उभे राहावं तसे उभे राहिले. लाइन भयंकर. पलीकडचं मला ऐकू यायचं, त्यांना नाही, म्हणून मधे मी. तो बाबा हिंदीत सांगत होता आणि मी वाक्य वाक्य मराठीत पोचवत होते.

"विटांचे तुकडे घ्या, म्हणतोय. पिंपात भरा. पिंपावर पिंप. वरून पाणी थेंब थेंब सोडा, ते विटांवरून झिरपत खाली हौदात पडू दे."

"बरं. मग?"

"चोवीस तास चालू ठेवा. थांबवू नका."

"बरं. विटा धुवायच्या कवा?"

मी विचारलं. पलीकडचा जवळजवळ ओरडला. मी सांगितलं, "कधीच धुवायच्या नाहीत म्हणतोय. विटांवर जी घाण बसेल, तिच्यात बारीक जीव असतात, तेच पाण्यातलं विष खातात. घाण गेली की मासे गेले."

ट्रंककॉलचा मीटर चाललाय आणि हे टोपी काढून पुन्हा घालताहेत. मग म्हणाले, "बाई, त्याला परत इचारा. घाण ठेवायची? माझ्या घरात?"

ठेवली. रंगाची तीन जुनी पिंपं तळाला भोकं पाडून एकावर एक रचली, विटांचे तुकडे भरले, छोटी मोटर लावली. पहिले काही आठवडे काही नाही. मग विटांवर तपकिरी बुळबुळीत थर धरला आणि पाण्याचा वास गेला. मासे वाळूत निवांत पसरले. मालकांनी पाणी चाखलं आणि पहिल्यांदाच थुंकले नाहीत. "घाणच घाण खाती," म्हणाले, आणि पुढं महिनाभर ते वाक्य दुकानात, गल्लीत, जेवताना, सगळीकडे. अव्वांच्या कानावर जाऊ नये म्हणून घरात मात्र हळू.

वीज जायची. वीज गेली की मोटर बंद, आणि विटा सुकल्या की सगळं गेलं. मग मालक स्टुलावर चढून तांब्यानं वरच्या पिंपात पाणी घालत बसायचे. तास तास. खांदा धरायचा तरी घालायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अव्वांना ते दिसायचं: उघड्या अंगानं उभा नवरा, हातात तांब्या, खाली झिरपणारं पाणी, ओठ हलताहेत. मला माहीत होतं की ओठ वीजवाल्यांच्या नावानं हलताहेत. अव्वांना ते माहीत नव्हतं. त्या हात थांबवून बघत राहायच्या. शंकराच्या पिंडीवर अभिषेकाची गळती असते ना, तशीच ती पिंपं दिसायची, हे आता मला कळतं. तेव्हा मला फक्त पोळी करपल्याचा वास आला.

संक्रांतीचा गड्डा तोंडावर आला. सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे सोलापूरचा सगळ्यात मोठा सण, घरोघर साफसफाई. मालक दुकानाच्या कामानं अक्कलकोटला गेले होते, मी दुपारच्या ड्यूटीवर. संध्याकाळी परतले तर परसाचं दार उघडं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. परसात अव्वा उभ्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत लाल. मोटर कशी बंद करायची ते पाहून ठेवलेलं. तिन्ही पिंपं उतरवून, विटांचा तुकडा न् तुकडा धुण्याच्या सोड्यात उकळून, घासून, उन्हात वाळवून पुन्हा रचलेला. विटा भट्टीतून काढल्यासारख्या तांबड्या. पाणी पुन्हा सुरू केलेलं. वरच्या पिंपाला त्यांनी हळदीकुंकू लावलं होतं.

"लई घाण हुती ओ बाई," मला म्हणाल्या. "ते एवढं करतात, मी तोंड फिरवून बसले. देवाच्या जागी घाण नको."

मी बोलणार तेवढ्यात मालक दिंडीतून आत आले. त्यांनी विटा पाहिल्या, कुंकू पाहिलं, बायकोचे हात पाहिले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मग बारीक आवाजात म्हणाले, "बरं केलंस." इतक्या महिन्यांत दोघांनी एकमेकांशी बोललेलं ते पहिलं.

अव्वा आत गेल्यावर मी भांडले. सांगा तिला म्हटलं, निदान उद्यापासून काय होणार ते तरी सांगा. त्यांनी नुसतं बोट वर केलं. "दोनपदरी, गप. ऐंशीच्या सुताला झटका द्यायचा नसतो."

दोन दिवसांत पाणी बिघडलं. तेव्हा मालकांनी आपला शब्द मोडला आणि नवं पाणी हौदात घातलं. आडातलं नव्हे, आड आता गल्लीचा. घरात प्यायला भरून ठेवलेलं. रोज हौदाचं काढायचं आणि घरचं घालायचं. माझी कळशी मी दिली, नाइलाजानं. अव्वांनी मोठा हंडा उचलून परसाच्या उंबऱ्यावर आणून ठेवला आणि आत गेल्या. ज्या बाईच्या घरात कोळसा धुतला जायचा, तिथं त्या दिवसांत भांडी राखेनं कोरडी घासली. सगळं करून चारांतले तीन मासे गेले. तिकडं गड्ड्याचा गलबला, नंदीध्वजांची मिरवणूक, आणि आम्ही बेलाखाली खड्डे काढतोय. एक तेवढा राहिला.

अव्वांनी विचारलं, "कशानं गेले?"

"थंडीनं," मालक म्हणाले. "लई थंडी पडलीय औंदा."

ज्या माणसानं वाईट सूत कधी चांगलं म्हणून विकलं नाही, त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. पण त्यानं भागणार नव्हतं. विटांवर पुन्हा थर धरायला हवा होता, आणि पुढच्या सणाला अव्वा पुन्हा सोडा उकळणार, हे नक्की. धुवू नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार. मालक दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी सकाळी ते भस्माची वडी घेऊन परसात गेले आणि तिन्ही पिंपांवर बोटांनी आडवे पट्टे ओढले. मग बायकोला हाक मारली.

"बघ. हे गळतीखालचं हाय. शंकराचं. ह्याला आता कुणी हात लावायचा न्हाय, धुवायचं न्हाय. मी पण न्हाय."

दगडाला हात न जोडणारा माणूस रंगाच्या गंजक्या पिंपासमोर हात जोडून उभा राहिला. अव्वांनी डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी मागं होते, हातात कोळंबी.

विटांवर थर धरला. मासा जगला. पाऊस आला, दुष्काळ सरला, मासा परातीएवढा होऊन काचेला पोट लावून पोहू लागला, आणि अव्वा त्याला लांबून हात जोडून स्वयंपाकाला लागायच्या. माझी बदली रत्नागिरीला झाली तेव्हा तो तसाच होता. निघताना मालक म्हणाले, "आता खावा पोटभर मासे." मी त्या रात्री गाडीत रडले, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

पुष्कळ वर्षांनी कुणाच्या तरी लग्नाला सोलापूरला गेले तेव्हा वाट वाकडी करून बाळीवेशीत गेले. मालक गेले होते. मासा त्यांच्याही आधी गेला होता. हौद कोरडा, काचेला तडा. पण तीन पिंपं एकावर एक तशीच, भस्माचे पट्टे ताजे, आणि विटा ओल्या. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते, अव्वा म्हणाल्या. विटांवर हिरवंकाळं शेवाळ दाटलेलं. मी चवडे उंचावून वरच्या पिंपातला एक तुकडा उचलायला गेले.

"हात लावू नका," अव्वा म्हणाल्या. "धुवायचं नसतं ते."

मी हात मागं घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मालकांचं मोठं दैवत होतं हे."

"दैवत कुठलं," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर हळूहळू टेकल्या. "मी धुतलं म्हणून मासे मेले. त्यांनी कधी सांगितलं न्हाय, मी कधी इचारलं न्हाय. सोलापुरात कसली आलीय ओ थंडी, बाई?"